एकही जागा रिकामी नाही

६ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच परत पाठवशील, म्हणून पत्ता शेजारच्या ग्रंथपालबाईंकडून लिहून घेतला. त्या म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीला पत्र, आणि पत्ता माझ्या हाताने?" म्हटलं, हात दुखतोय. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि पेन उचललं. सभ्य बाई आहे.

अकरा वर्षांनी लिहिते आहे ते क्षमा मागायला नाही, हे आधीच सांगते. काम आहे म्हणून लिहिते आहे. तुझी भाची, आपली ठमी, सत्तावीस तारखेला चौकशी समितीपुढे उभी राहणार आहे. तिचा डॉक्टरकीचा परवाना जाऊ शकतो. आणि ज्या प्रकरणातून हे निघालं, ते तपासायला बाहेरून दोन तज्ज्ञ डॉक्टर नेमलेत, त्यात तुझं नाव आहे. नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीत बसले. एवढ्या मोठ्या जगात त्यांना तूच सापडावीस.

आमच्या रुग्णालयात (निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी 'आमच्या' सुटत नाही, एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली आहे) डॉक्टरांचं लिखाण कमी कसं करायचं, याची तुलना चालली होती हे तुला कागदावरून कळलंच असेल. कागदावर नाही ते मी सांगते. ठमी एका रुग्णाला सात मिनिटं तपासायची आणि त्याच्याबद्दल अकरा मिनिटं लिहायची. मी घड्याळ लावून मोजलंय. घरी येऊन पुन्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, ताट तसंच. "आई, मी डॉक्टर नाहीये गं, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली टायपिस्ट आहे," म्हणायची. जानेवारीत तिने राजीनामा लिहून ठेवला होता. तो मी तिच्या पर्समध्ये वाचला. हो, पर्स उघडली. आई आहे मी.

मग आमच्या अधीक्षकांनी तीन मजल्यांवर तीन उपाय सहा आठवडे चालवले. त्यांच्या कोटाला जन्मात सुरकुती पडली नाही, म्हणून आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो. पहिल्या मजल्यावर तयार फॉर्म: चौकटीत खुणा करायच्या, आणि 'कालचंच पुढे' असं एक बटण. तिथे एका माणसाच्या पायाचा अंगठा कापला, तरी पुढचे सहा दिवस कागदावर त्याची दहाही बोटं जागेवर होती. दुसऱ्या मजल्यावर ऐकणारं यंत्र: डॉक्टर आणि रुग्ण बोलतात, ते ऐकून आपोआप नोंद लिहितं. त्याने एका आजोबांच्या आहारात 'दोन कप, साखर कमी, एक बिनदुधाचा' असं लिहिलं. वॉर्डातल्या मावशी चहा सांगत होत्या. आणि जिकडेतिकडे 'ऐकू आलं नाही, ऐकू आलं नाही'. बहिरं यंत्र विकत घेऊन करायचंय काय?

तिसऱ्या मजल्यावर माणूस. डॉक्टरच्या बाजूला बसून ऐकणारं आणि टाइप करणारं जिवंत माणूस. त्यासाठी आम्हा निवृत्त लोकांना बोलावलं. ठमीच्या बाजूला मी बसले. ते कसं जमवलं, विचारू नकोस. सहा आठवडे माझी मुलगी गरम जेवली.

पाचव्या आठवड्यात एकोणीस नंबरच्या खाटेवर प्रकार घडला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, पायाची जखम चिघळलेली, तापाने अर्धवट शुद्धीत. त्याला पेनिसिलिन चालत नव्हतं. दुपारच्या डॉक्टरने नोंद पाहिली, 'ॲलर्जी: नाही', आणि तेच इंजेक्शन दिलं. नोंदीखाली ठमीची सही होती. तो माणूस अजून अतिदक्षता विभागात नळ्यांवर आहे.

तू समितीला एवढंच लिही की दोष पद्धतीचा आहे, डॉक्टरचा नाही. खरं तेच लिहायला सांगते आहे. भाचीसाठी कर, माझ्यासाठी करू नकोस.

ताई


११ मार्च

धाकटे,

पाच दिवस झाले. पत्र पोचल्याची पावती आहे माझ्याकडे, सही तुझीच आहे. एवढं कशाला ताणून धरतेस?

ठमीला कामावरून थांबवलंय. सकाळी आंघोळ करून, केस बांधून, बाहेर जायचे कपडे घालून ती खिडकीपाशी बसते आणि दुपारी ते बदलते. मी काही विचारलं की "हं". काल म्हटलं, "अगं, काहीतरी खा." तर म्हणाली, "एकोणीस नंबर काही खातोय का?" मी ताट उचललं.

मी गेले होते तिथे, अतिदक्षता विभागाबाहेर. बाकावर त्याची बायको होती. बोटांना रंगाचे डाग. नवऱ्याच्या हाताखाली पाट्यांचे काठ ती भरते म्हणे. मला म्हणाली, "बाई, मला कुणी विचारलंच नाही हो. त्या दिवशी मी एक वाजल्यापासून वॉर्डाबाहेरच होते. बावीस वर्षांपूर्वी त्यांना त्या औषधाने असंच झालं होतं, मला तोंडपाठ आहे. कुणी विचारलं असतं तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं."

मी तिला पाणी आणून दिलं. "तुमचं कोण आहे इथे?" तिने विचारलं. मी म्हटलं, एक नातेवाईक.

आता मुद्द्याचं. समितीचा कारकून मला विचारून गेला, नोंद कशी झाली. मी सांगितलं, डॉक्टर बोलतात, लिहिणारा लिहितो, शेवटी डॉक्टर वाचून सही करतात. हीच पद्धत आहे आणि मी पद्धत सांगितली. ठमीने घाईत 'नाही' म्हटलं असेल. रोज बावीस खाटा, दर पाच मिनिटांना कुणीतरी हाक मारतंय, अशा माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम आहे का? म्हणूनच तर म्हणते, दोष पद्धतीचा.

उत्तर पाठव. चार ओळी पुरेत.

ताई


१५ मार्च

धाकटे,

अकरा वर्षांनंतर तुझं पहिलं उत्तर म्हणजे एक कार्ड. आणि कार्डावर काय? "ताई, तिसऱ्या मजल्यावर सहा आठवड्यांत एकही जागा रिकामी नाही. असं कसं?" वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. परीक्षकबाईंना एवढंही जमू नये?

असं कसं म्हणजे? असंच. माणूस ऐकतो म्हणून. मी शाळेपासून मिनिटाला साठ शब्द टाइप करते, आणि चुकत नाही. तिसऱ्या मजल्याचे आकडे चांगले आले, तर तुला ते टोचतात. बोर्डावर आलेख लावला होता इस्त्रीसाहेबांनी: पहिला मजला, दुसरा मजला, आणि आमचा खांब सगळ्यांत उंच. 'नोंदी पूर्ण: शंभर टक्के'. माझ्याबरोबर लिहायला बसणाऱ्या दोघी त्या आलेखासमोर उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. तिघींची वयं मिळून दोनशेच्या वर, आणि कुणाच्या तरी उपयोगी पडलो याचा केवढा आनंद.

तुला रिकाम्या जागांबद्दल विचारायचा हक्कच नाही. कॉन्व्हेंटमध्ये मदर काय सांगायच्या? उत्तर येत नसेल तरी काहीतरी लिहा. कोरी जागा म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे पाप. मी कधी जागा सोडली नाही. तू सोडायचीस, पट्टी खायचीस, आणि पुन्हा सोडायचीस. डॉक्टर झालीस तरी तेच. चारशे तीस अपुरे केसपेपर होते तुझ्या नावावर. मी त्यांची यादी वर दिली, कारण ते माझं काम होतं. सख्खी बहीण म्हणून लपवली असती तर त्या खुर्चीवर बसायची माझी लायकी नव्हती. तुला निलंबित मी केलं नाही, तुझ्या कोऱ्या कागदांनी केलं.

हे सगळं उकरायचं नव्हतं. तू भाग पाडलंस.

तुझी थोरली बहीण


१९ मार्च

धाकटे,

आज दुपारी समितीकडून ठमीच्या जबाबाची प्रत घरी आली. ती न्हाणीघरात होती. मी पाकीट उघडलं.

तिने लिहून दिलंय: "ॲलर्जीबद्दल 'नाही' असं मीच सांगितलं. लेखनिकाने मी सांगितलं तेच लिहिलं."

असं ती म्हणाली नव्हती.

आता सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा काहीतरी सजवून सांगेन. गेली तीन पत्रं तेच केलंय.

त्या सकाळी ती एकोणीस नंबरपाशी वाकून विचारत होती, "काका, कुठलं औषध चालत नाही असं आहे का?" तो तापात काहीतरी पुटपुटला. तिने दोनदा विचारलं. मग मला म्हणाली, "आई, ती जागा सोड. त्याची बायको दुपारी येईल, तिला विचारते." हे तिचे शब्द. तेवढ्यात जिन्यापाशी कुणीतरी कोसळलं आणि ती धावली.

फेरी संपल्यावर मी बावीस जणांच्या नोंदी नीट करत बसले. एकोणीस नंबरची ती जागा पडद्यावर लाल दिसत होती. राहिलेली जागा लाल दिसते, तशीच रचना आहे. मी एकतीस वर्षं असे कागद परत पाठवले आहेत, धाकटे. मोठमोठ्या सर्जनना खाली बोलावून उभं केलंय आणि म्हटलंय, ही चौकट भरल्याशिवाय फाइल आत घेणार नाही. आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या नावाखाली लाल चौकट? मी 'नाही' टाइप केलं. लाल गेलं. तीन सेकंदही लागले नसतील. मला काही वाटलंसुद्धा नाही. पुसता पुसता भांड्यावर दिसलेला डाग काढावा, तसं.

ठमी परत आली ती घामाने भिजलेली. बावीस नोंदींवर एकदम सही केली. आई लिहिते आहे म्हटल्यावर वाचायचं कशाला? आणि दुपारी आठवण करून द्यायला ती लाल जागाच तिच्यासाठी होती, ती मी पुसली होती. बायको बाहेर बाकावर, विचारणारं कुणी नाही, कारण विचारायचं काही उरलंच नव्हतं.

त्या बहिऱ्या यंत्राला ऐकू आलं नाही तर ते 'ऐकू आलं नाही' असं लिहितं. मी त्याला हसले.

ती न्हाणीघरातून आल्यावर मी जबाब तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "हे खोटं आहे." ती केस पुसत राहिली. म्हणाली, "तुझं नाव आलं तर तुझ्यावर गुन्हा दाखल होईल. लिहिणाऱ्याने मनाचं लिहिलं म्हणून. मला निदान बाजू मांडता येते." मी म्हटलं, "मी तुझी आई आहे." तर म्हणाली, "तेच म्हणते आहे मी."

एक गोष्ट अजून राहिली. माझ्याकडे वह्या आहेत. मी आधी शॉर्टहँडमध्ये उतरवायचे, मग टाइप करायचे. मदरनी दोघींना शिकवलं ते. सात वह्या. कोण काय बोललं आणि काय बोललं नाही, सगळं त्यात आहे. रुग्णालयात शॉर्टहँड वाचणारं आता कुणी उरलेलं नाही. पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी मी त्या बादलीत भिजत घालणार होते. बादली भरलीसुद्धा होती.

त्यात एकोणीस नंबर एकटा नाही. हे मी तुझं कार्ड आलं तेव्हाच ओळखलं होतं, म्हणून एवढी ओरडले तुझ्यावर.

ताई


२२ मार्च

धाकटे,

दोन दिवस रेकॉर्ड रूममध्ये बसले. माझ्या खुर्चीत आता बसते ती मुलगी मीच शिकवलेली. तिने काही न विचारता नोंदींच्या प्रती समोर आणून ठेवल्या. एका बाजूला वही, एका बाजूला नोंद. संध्याकाळपर्यंत पाठ धरली.

दोनशे चौदा.

दोनशे चौदा ठिकाणी कुणी काही बोललेलं नाही, आणि मी भरलंय. झोप: ठीक. भूक: सामान्य. पूर्वीचे आजार: नाही. बहुतेक बिनधोक असतील. पण त्यात एकसष्ट जागा ॲलर्जीच्या आहेत. एकसष्ट माणसांच्या कागदावर मी 'नाही' लिहिलंय आणि त्यांना कुणी पुन्हा विचारल्याचा कुठे पुरावा नाही. त्यातले नऊ अजून वॉर्डात होते. मी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेले आणि परिचारिकेला म्हटलं, "या नऊ जणांना आत्ता विचारा. माझ्यासमोर विचारा." तिने माझं तोंड पाहिलं आणि उठली.

बावन्न जण घरी गेलेत. तो कागद ते पिशवीत घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातील.

इस्त्रीसाहेबांकडे गेले. यादी टेबलावर ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? तुलनेचा अहवाल तयार आहे. तिसरा मजला पहिला आलाय."

"तो आला नाही," मी म्हटलं. "मी आणला."

"तुमच्याबरोबरच्या दोघी?"

"त्यांच्याही नोंदी तपासा. त्याही माझ्याच शाळेतल्या म्हणायच्या. रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेल्या, माझ्याच हाताखाली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, सत्तावीसला समितीपुढे सगळं रीतसर येऊ दे, तोवर कुणालाही फोन करायचा नाही, उगाच घबराट होते, रुग्णालयाचं नाव जातं. मी विचारलं, "आणि सत्तावीसच्या आधी कुणाला इंजेक्शन दिलं तर?" ते म्हणाले, "बाई, शक्यता किती?" एकोणीस नंबरची किती होती, हे विचारायला मी थांबले नाही. यादीची एक प्रत समितीच्या कारकुनाला दिली, तारीख आणि वेळ घालून पोच घेतली, आणि घरी आले.

ठमीला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. मूर्खासारखं वाटलं होतं. ती चिडून उभीच राहिली. "तुला गप्प बसायला सांगितलं होतं ना? मला वाचवायला निघालीस? न वाचता सही मी केली, आई. बावीसच्या बावीस. तुझी चूक तुझ्याकडे राहू दे, माझी माझ्याकडे." दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दार उघडून म्हणाली, "बावन्न जणांचे नंबर आहेत का तुझ्याकडे?"

तिला समितीने रुग्णांशी बोलायला बंदी घातली आहे. म्हणून फोन मी करते आणि ती बाजूला बसून, औषधाचं नाव निघालं की कागदावर लिहून दाखवते.

पहिल्या दिवसात अकरा झाले. कुणाला वाटतं मी काही विकते आहे. कुणी फोन आपटतं. एका बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मी भरती होते तेव्हा विचारलं का नाही?" मी म्हटलं, "विचारायचं राहिलं होतं, आणि ते राहिलंय हे मी लपवलं." त्या म्हणाल्या, "बरं."

पाट्या रंगवणाऱ्याच्या बायकोलाही गाठलं. या वेळी सांगितलं, की नातेवाईक वगैरे कुणी नाही, ते 'नाही' मी लिहिलं. मग बाकावरची तिची पिशवी उचलून तिने पलीकडे ठेवली आणि तिथे जाऊन बसली. तो जागा झालाय. तिला ओळखत नाही.

तुझ्या चारशे तीस कागदांबद्दल. काल रेकॉर्ड रूममध्ये तेही काढून पाहिले, पुन्हा. प्रत्येक कोऱ्या जागेशेजारी पेन्सिलने बारीक टिंब आहे. तेव्हा मला तो गबाळेपणा वाटला होता. तू विचारायचं राहिलं तिथे खूण करत होतीस, आणि परत जाऊन विचारत होतीस; काही टिंबांवर नंतरच्या तारखेने उत्तर आहे. ते मी तेव्हा पाहिलं नाही. मी फक्त कोऱ्या जागा मोजल्या. याला क्षमा मागणं म्हणतात की नाही, मला माहीत नाही. तू ठरव.

पण ते नंतर. आधी एक मागणं आहे, आणि ते ठमीसाठी नाही. एक्केचाळीस जण राहिलेत, माझा घसा बसलाय, आणि पाचच दिवस आहेत, म्हणून हे पत्र माणसाबरोबर पाठवते आहे. तू बाहेरची परीक्षक आहेस, तुला कुणी मनाई करू शकत नाही.

ताई


२४ मार्च

धाकटे,

काल फोन वाजला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी परत केला. "यादी पाठव. खालून मी लावते," एवढं बोलून तू ठेवलास. आवाज बदललाय तुझा. मग मी उगीचच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसून आले.

यादीचा खालचा अर्धा भाग सोबत आहे, आणि वहीतल्या पानांच्या प्रती. शॉर्टहँड तुला अजून वाचता येत असेल असं धरते. एकवीस नावं तुझी. मी वरून खाली येते आहे, कुठेतरी गाठ पडेल. त्यातल्या सोळाव्या नावाचा नंबर लागत नाही, त्यांच्या शेजारणीचा खाली दिलाय. ती आधी अर्धा तास तिच्या गुडघ्यांबद्दल बोलते, बोलू दे.

सत्तावीसला मी ठमीच्या आधी आत जाणार आहे. माझं नाव सांगेन, वह्या ठेवेन. पुढे तिचं काय होईल कोण जाणे. सकाळपासून ती माझ्याशी सहा शब्द बोलली आहे, सगळे औषधांचे. परवाना गेला तर तो माझ्या हाताने गेला, आणि राहिला तरी ती पुन्हा मला बाजूला बसवणार नाही. बसवू नयेच.

तू तुझ्या अहवालात आमच्या मजल्याला शून्य दे. त्या दोघींना मीच सांगेन. आलेखासमोरचा फोटो त्यांनी फ्रेम करून लावलाय.

आज सकाळी एका शिंपीणबाईंना फोन लागला. उद्या त्या दाढ काढायला जाणार होत्या, आमचा कागद घेऊन. त्यांना विचारलं, कुठलं औषध चालत नाही असं आहे का? म्हणाल्या, नाही. मी खूण करणार तेवढ्यात ठमीने माझा हात धरला. आम्ही दोघी गप्प राहिलो. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. मग त्या म्हणाल्या, "थांबा हं. लहानपणी एकदा काहीतरी झालं होतं, आई सांगायची. सबंध अंग सुजलं होतं."

तेव्हा सगळे आधी 'नाही' म्हणतील. लिहू नकोस. फोन धरून थांब.

ताई